बसणाऱ्याची बाजू

माणूस समोर बसवून चित्र काढणं या विषयावर मराठी सिनेमाने अलीकडच्या काळात दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या. एक नितीन चंद्रकांत देसाईंचा 'अजिंठा' (2012), दुसरी रवी जाधवांचा 'न्यूड' (2018). पहिल्यात इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल आणि पारो. दुसऱ्यात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये न्यूड मॉडेल म्हणून काम करणारी यमुना. दोन्हींची बरीच चर्चा झाली. पहिल्याची गाण्यांसाठी आणि दृश्यांसाठी, दुसऱ्याची वादासाठी.

मी जामनेरला राहतो. इथून पहूर-फर्दापूरच्या रस्त्याने निघालं की तासाभरात अजिंठ्याची लेणी येतात. जे. जे. मात्र चारशेहून अधिक किलोमीटर लांब. हे दोन्ही सिनेमे पाहिलेल्या इथल्या एखाद्या पोराला वाटेल की माणूस बसवून चित्र काढायचं तर आयुष्यात काहीतरी प्रचंड घडावं लागतं. एक तर जगावेगळं प्रेम, नाही तर जगावेगळा त्याग. रविवारी सकाळी सात-आठ जणांनी जमावं, ओळखीतल्या एखाद्याला खुर्चीवर बसवावं, तासभर त्याचं चित्र काढावं, त्याला पैसे द्यावेत आणि घरी जेवायला जावं, ही साधी गोष्ट आपल्या सिनेमात नाही. शाळेत तर नाहीच.

अशी बैठक आम्ही काही जण गेलं वर्षभर भरवतो. पण तिची जाहिरात करायला हा लेख नाही. चित्राकडे पाहण्याच्या आपल्या सवयीबद्दल बोलायचं आहे. लाइफ ड्रॉइंग चांगलं की वाईट हे ठरवताना आपण फक्त काढणाऱ्याचा हात बघतो. बसणाऱ्याची बाजू कुणी बघत नाही. ती बघायला लागलो की चित्र वाचण्याची पद्धत बदलते, आणि कोळसा, शाई, कागद यांच्याकडे बघण्याचीही.

पारो आणि यमुना

'अजिंठा' हा सिनेमा ना. धों. महानोरांच्या त्याच नावाच्या दीर्घकवितेवर आधारलेला. मूळ इतिहास थोडक्यात असा: मद्रासच्या लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. पुढची अनेक वर्षं तो इथेच राहिला. कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. 1879 मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पारो 1856 मध्येच गेली होती. तिची कबर अजिंठा गावात आहे.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गिलचं काम नकलेचं होतं. समोर भिंत होती. भिंतीचे पाय अवघडत नाहीत, तिला तहान लागत नाही, ती तुमच्याकडे परत बघत नाही. जिवंत माणूस या गोष्टीत येतो तो पारोच्या रूपाने, पण दंतकथेत आणि सिनेमात ती प्रेरणा होऊनच येते. प्रेरणेला तासाचे पैसे द्यावे लागत नाहीत. तिने 'आज नको' म्हटलं तर काय, हा प्रश्नही उठत नाही. सिनेमा सुंदर दिसतो, पण त्यातल्या बाईचं शरीर लेण्यातल्या आकृतीसारखंच दिसावं अशी त्याची धडपड आहे. तिला कुठेतरी भिंतीवर नेऊन बसवण्याची घाई त्याला झालेली असते.

'न्यूड' या बाबतीत कितीतरी पुढे आहे. यमुना (कल्याणी मुळे) नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन मुंबईला येते, आणि तिची अक्का (छाया कदम) जे काम करते तेच मुलाच्या शिक्षणासाठी पत्करते. इथे मॉडेल असणं हा रोजगार आहे. लपवावा लागणारा, पण रोजगार. 2017 च्या गोव्यातल्या इफ्फीत हा सिनेमा इंडियन पॅनोरमामधून माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. त्या गदारोळात सिनेमाबद्दलची सगळी चर्चा 'नग्नता दाखवावी का' या एकाच खुंटीला बांधली गेली.

माझी तक्रार वेगळी आहे. 'न्यूड'चं सगळं लक्ष यमुनेच्या लाजेवर आणि लाजेपलीकडे जाण्यावर आहे. ती कपडे उतरवते तो क्षण सिनेमाचा कळस. पण मॉडेलच्या कामाचा खरा अवघड भाग त्यानंतर सुरू होतो: हालचाल न करता बसून राहणं. विसाव्या मिनिटाला मांडी बधिर होते, मानेत कळ येते, नाकाला खाज सुटते. हे शरीराचं श्रमाचं काम आहे, आणि सिनेमा ते भावनेच्या खात्यात मांडतो. पारो प्रेरणा होती, यमुना बळी झाली. बसणं हे कौशल्य आहे आणि काही जण ते इतरांपेक्षा चांगलं करतात, हे सांगायचं दोन्हीकडे राहून गेलं.

स्मरणचित्रातली बाई

गावातल्या मुलांना माणूस काढायला कोण शिकवतं? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. महाराष्ट्रात शाळेत चित्रकलेकडे वळलेल्या जवळपास प्रत्येकाने या ग्रेड परीक्षांपैकी एखादी तरी दिलेली असते. त्यात माणूस येतो तो स्मरणचित्राच्या पेपरात. विषय ठरलेले: आठवडी बाजार, बसथांबा, पाणवठा, सण. मुलं परीक्षेआधी दोन-तीन मानवाकृती पाठ करून जातात. डोक्यावर घागर घेतलेली पाठमोरी बाई. हात वर केलेला फुगेवाला. बाजूने दिसणारा, पिशवी धरलेला माणूस. विषय कुठलाही येवो, हेच तिघं बाजारात भाजी घेतात, बसची वाट बघतात, होळीला रंग खेळतात.

ही मुलांची चूक नाही. परीक्षेत वेळ थोडा, नीटनेटकेपणाला गुण. पण परिणाम असा होतो की जामनेरच्या बाजारात दर आठवड्याला खरी बाई खरी घागर, खरं टोपलं, खरं पोतं घेऊन चाललेली असताना मुलगा तिच्याकडे बघत नाही, कारण त्याच्याकडे बाई आधीच तयार आहे.

हा आजार जुना आहे, आणि मोठ्यांनाही झालेला आहे. एम. व्ही. धुरंधरांचा हात किती पक्का होता हे सांगायला नको. एस. एम. एडवर्ड्सच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' (1912) आणि ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' (1920) या पुस्तकांसाठी त्यांनी काढलेली माणसं आजही बघत राहावीत अशी आहेत. साडीची चुणी, पगडीचा पीळ, उभं राहण्याची ढब, कशातही हयगय नाही. तरी दुसऱ्या पुस्तकाची मागणीच अशी होती की प्रत्येक बाई कुठल्यातरी जातीचा, प्रांताचा नमुना म्हणून उभी राहावी. धुरंधरांची रेघ मात्र अधूनमधून नमुन्याच्या बाहेर पडते. एखाद्या चेहऱ्यावर उभं राहून आलेला कंटाळा दिसतो, आणि तिथे 'अमुक जातीची स्त्री' संपून समोर बसलेली एक बाई सुरू होते. मला त्यांच्या चित्रांतल्या या जागा सर्वांत मोलाच्या वाटतात.

जे. जे. ची स्थापना 1857 ची. जॉन ग्रिफिथ्सने 1872 पासून पुढे बारा-तेरा वर्षं विद्यार्थ्यांना अजिंठ्याला आणून भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यातल्याही बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. नग्न मॉडेलवरून शिकवण्याचा रीतसर वर्ग मात्र ग्लॅडस्टन सॉलोमन 1919 मध्ये तिथे आले त्यानंतरचा. म्हणजे मुंबईचे विद्यार्थी मानवी शरीर शिकायला आमच्या शेजारच्या डोंगरात येऊन गेले, आणि उघड्या शरीराचा जिवंत माणूस त्यांच्या वर्गात त्यानंतर काही दशकांनी आला. आधी भिंत, मग माणूस. आपल्या कलाशिक्षणाचा हा क्रम अजून पुरता उलटलेला नाही.

खुर्चीवरचा तास

आमच्या बैठकीत मॉडेल कपड्यांत असतो, हे आधीच सांगतो. जामनेरसारख्या गावात दुसरं काही शक्य नाही. याने नुकसान होतं हेही मान्य करायला हवं. खांद्याचं पातं कसं सरकतं, कमरेचं हाड वजन कुठल्या पायावर टाकतं, हे सदऱ्याखाली आणि नऊवारीखाली अंदाजानेच कळतं. 'कपड्यांतलं चित्रही तितकंच' असं म्हणणं ही स्वतःची समजूत आहे. ज्याला शरीररचना शिकायची आहे त्याला कधीतरी त्या मोठ्या वर्गात जावंच लागेल.

पण काही गोष्टी इथेच शिकता येतात. सुरुवातीला एक-एक मिनिटाच्या पोझ, मग पाच मिनिटांच्या, शेवटी वीस मिनिटांची एक. मिनिटभरात नाक-डोळे काढायला वेळच नसतो. वजन कुठे आहे आणि कुठल्या दिशेला झुकलंय, एवढंच हाती लागतं. किमॉन निकोलायडीस नावाच्या अमेरिकी शिक्षकाच्या 1941 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर पसरली. माणूस कसा दिसतो याच्या आधी माणूस काय करतोय ते काढा, हा त्याचा आग्रह. पाठ केलेली घागरवाली बाई पहिल्या तीन मिनिटांतच निकामी होते, कारण समोरचा माणूस तिच्यासारखा उभाच नसतो.

एकदा बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ बसले होते. वीस मिनिटांची पोझ संपल्यावर उठता उठता म्हणाले, "पोतं उचलनं परवडलं भो, हे बसनं नई." आम्ही हसलो. नंतर कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक गोष्ट दिसली. ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच बाह्यरेषा पक्की केली होती, त्यांच्या चित्रातले काका ताठ होते. जे शेवटपर्यंत बघत, बदलत राहिले, त्यांच्या चित्रात डावा खांदा खाली उतरला होता, बोटं गुडघ्यावर दाबली गेली होती. वीस मिनिटांचं ओझं दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत उतरलं होतं. पहिल्या प्रकारची चित्रं जास्त सुबक होती. स्पर्धेत बक्षीस त्यांनाच मिळालं असतं.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. बसणाऱ्याला ठरलेले पैसे आधी द्यायचे. थांबायचं कधी ते त्याने सांगायचं. चित्र फोनवर टाकायचं की नाही हेही त्यानेच ठरवायचं, आणि शेवटी सगळे कागद त्याच्यासमोर मांडायचे. हा शिष्टाचार वाटेल, पण चित्रात फरक पडतो. ज्याला आपण हे दाखवणार आहोत, त्याच्या टक्कलाची किंवा पोटाची टिंगल करणारी रेघ हातून निघत नाही. आणि खोटी स्तुती करणारीही निघत नाही, कारण स्वतःचं नाक त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

कोळसा, बोरू, खाकी कागद

आता साहित्याकडे येऊ. इन्स्टाग्रामवर स्केचिंगचं साहित्य म्हणजे खरेदी झाली आहे. पुडकं उघडा, रंगांच्या पट्ट्या ओढा, लिंक द्या. त्यात साहित्याचा खरा प्रश्न हरवतो: या वस्तूने मला काय बघायला लावलं?

शिसपेन्सिल घ्या. तिची आजची कृती 1795 मधली. युद्धामुळे फ्रान्सला ग्राफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड मातीत मिसळून भाजली. माती जास्त असेल तर एच, ग्राफाइट जास्त असेल तर बी. पेन्सिल टोकदार असते, खोडता येते. म्हणून ती कडा शोधते आणि दुरुस्तीची आशा दाखवते. आपण डोळा, बटण, घड्याळ काढत बसतो, आणि माणूस राहून जातो.

कोळसा उलट वागतो. तो आडवा धरून फिरवला की आधी सावली येते, कडा नंतर. बाजारात विलोच्या काड्यांचा कोळसा मिळतो, पण खानदेशात पऱ्हाटीला तोटा नाही. कपाशीच्या वाळलेल्या काड्या सोलून, झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डब्यात ठासून भरायच्या, डबा चुलीत ठेवायचा, भोकातून धूर येणं थांबलं की काढायचा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही. गरम असताना हवा लागली की काड्या पेट घेतात आणि राख उरते. हा कोळसा ठिसूळ असतो, मध्येच तुटतो, रेघ खरबरीत येते. म्हाताऱ्या हातांसाठी, गोधडीसाठी, दाढीच्या खुंटांसाठी तो फार चांगला. लहान मुलाच्या गालासाठी निरुपयोगी. हे कळणं म्हणजे प्रयोग.

बोरूचं आणखी निराळं. शाई काही सेकंद टिकते, रेघ ओढता ओढता सुकत जाते, परत दौतीकडे जावं लागतं. त्या सक्तीच्या थांब्यात आपण पुन्हा माणसाकडे बघतो. बॉलपेनने खोडता येत नाही, म्हणून चुकलेली रेघ तशीच राहते आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ येते. बघणाऱ्याला आपण कसे शोधत गेलो ते दिसतं. खोडरबर हा पुरावा नष्ट करतो.

आणि कागद. शाळेपासून आपल्याला पांढराशुभ्र ड्रॉइंग पेपर मिळत आला. पांढऱ्या कागदावर सावळा माणूस काढायचा तर सगळ्या अंगभर छटा भरावी लागते. हात कंटाळतो, आणि शेवटी माणूस आहे त्यापेक्षा गोरा होऊन बाहेर पडतो. दुकानातला खाकी कागद घेऊन बघा. कागदाचा रंगच कातडीच्या मधल्या छटेजवळ असतो. कोळशाने फक्त सावली द्यायची, खडूने कपाळावरचा, गालाच्या हाडावरचा उजेड. माझ्या अनुभवात आमच्या बैठकीतला सर्वांत मोठा बदल या काही रुपयांच्या कागदाने केला. स्मरणचित्रातली माणसं गोरी का असतात, याचं अर्धं उत्तर कागदात आहे. उरलेलं अर्धं उत्तर समाजात आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गेरूही आम्ही वापरून पाहिला. पोळ्याला आणतो तोच, डिंकाच्या पाण्यात कालवून. लेण्यांमधल्या चित्रकारांनी माती, भुसा, तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन पहिली रेघ याच तांबड्या मातीने ओढली होती, आणि रंग भरून झाल्यावर शेवटी गडद रेघेने आकार पुन्हा बांधले. ज्याने एकदा ओल्या गेरूने कागदावर मनगटाचा बाक ओढायचा प्रयत्न केला, तो पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातासमोर जरा जास्त वेळ उभा राहतो. साहित्याच्या प्रयोगाचा हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो: जुनं चित्र बघताना आता आपल्या मनगटालाही काहीतरी आठवतं.

आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावला, केकी मूस यांनी घराबाहेर जवळपास न पडता टेबलावर घरगुती वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांची छायाचित्रं काढली. लांबून मागवलेल्या वस्तूंवाचून काही अडत नाही, याचा इतका जवळचा दाखला असताना महागड्या चारकोलच्या लिंकसाठी थांबायचं कारण नाही.

स्क्रीनवरचं शरीर

यावर कुणी म्हणेल, फोनवर सगळ्या पोझ मिळतात. खरं आहे. तीस सेकंदांना बदलणाऱ्या फोटोंचे व्हिडिओ आहेत, फुकट आहेत, हव्या त्या कोनातून आहेत. सरावासाठी मीही ते वापरतो. पण फोटोने एक काम आपल्या आधीच करून टाकलेलं असतं: खोली सपाट केलेली असते, एक क्षण निवडलेला असतो, एका डोळ्याने बघितलेलं असतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, स्क्रीनवरचं शरीर दमत नाही. ते 'बास आता' म्हणत नाही. एका अर्थी ते पुन्हा गिलसमोरची भिंत आहे.

ज्याचं शरीर आपण तासन्‌तास न्याहाळतो, त्याने कधीच 'नको' म्हणू नये, याची सवय चित्रकाराला लागू नये असं मला वाटतं. इतर कुणाला लागू नये असंही वाटतं. आमच्याकडे मुली बसायला तयार होत नाहीत. काढायला येतात, कागदावर जोरकस रेघ ओढतात, पण खुर्चीवर बसत नाहीत. कारण उघड आहे: बाहेर या मुलींना विनापरवाना इतकं न्याहाळलं जातं की परवानगीने न्याहाळलं जाणं हे वेगळं असू शकतं यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागणार. तो लागू द्यावा. मधल्या काळात त्यांच्या आज्या येऊन बसतात, आणि वीस मिनिटांत तीन वेळा जागा बदलून आम्हाला बऱ्याच गोष्टी शिकवून जातात.

म्हणून लाइफ ड्रॉइंग बघताना मी आता तीन गोष्टी शोधतो. वजन कागदावर आलंय का, म्हणजे हा माणूस खरंच कशावर तरी बसलाय का? वेळ आलाय का, म्हणजे पहिल्या मिनिटातला आणि विसाव्या मिनिटातला फरक कुठे दिसतो का? आणि हे चित्र त्या माणसासमोर ठेवता येईल का? हुबेहूबपणा, सफाई, शैली या गोष्टी त्यानंतर बघाव्यात.

तुमच्या गावात बैठक नसेल तर दोन जणांतही भरते. एकाने बसायचं, एकाने काढायचं, वीस मिनिटांनी अदलाबदल. काढायची घाई असेलच, तरी बसण्याची पाळी आधी घ्या. मान अवघडायला लागली की समोरच्याच्या रेघेकडून तुम्हाला काय हवंय ते आपोआप कळेल.